आधी कागदावर, मग पडद्यावर : विल्यम कॅमेरॉन मेन्झीस

१० डिसेंबर १९३८ च्या रात्री कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे एका स्टुडिओच्या मागच्या आवारात मोठी आग लावण्यात आली. जुन्या चित्रपटांसाठी उभारलेले आणि नंतर निरुपयोगी झालेले लाकडी देखावे तेथे पडून होते. ‘किंग काँग’मधील प्रचंड तटभिंतही त्यांतच होती. या देखाव्यांना नव्या दर्शनी बाजू चढवून अमेरिकेच्या यादवी युद्धातील जळते अटलांटा शहर म्हणून ते पेटवून देण्यात आले. टेक्निकलरचे सात कॅमेरे एकाच वेळी चालू होते. ज्वाळांपुढून एक घोडागाडी धावत गेली. गाडीत बसलेले स्त्री-पुरुष नायक-नायिका नव्हते, त्यांच्या जागी घेतलेले बदली कलाकार होते. कारण ‘गॉन विथ द विंड’ची नायिका कोण, हे तोपर्यंत जाहीरच झाले नव्हते. पटकथाही अजून हेलकावे खात होती. मात्र ज्वाळा किती उंच दिसाव्यात, गाडी चौकटीच्या कोणत्या बाजूने यावी, माणसे त्या लाल उजेडापुढे किती लहान आणि काळी दिसावीत, हे सगळे पक्के होते. ते आधीच कागदावर रंगवून ठेवलेले होते. रंगवणाऱ्याचे नाव विल्यम कॅमेरॉन मेन्झीस.

हे नाव आज चित्रपट आवडीने पाहणाऱ्यांनाही चटकन आठवत नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिसणारे ‘प्रॉडक्शन डिझायनर’ हे पद मात्र सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि ते रूढ झाले ते याच माणसामुळे. त्याआधी हे काम करणाऱ्याला कलादिग्दर्शक म्हणत. कथेत दिवाणखाना असेल तर दिवाणखाना, किल्ला असेल तर किल्ला उभा करून द्यायचा आणि बाजूला व्हायचे, एवढी त्याच्याकडून अपेक्षा असे. पुढे तो दिवाणखाना कोणत्या कोनातून दिसेल, त्यातले पात्र खांबाआड अर्धे झाकलेले असेल की मोकळ्या भिंतीपुढे एकटे उभे असेल, हा दिग्दर्शक आणि छायाचित्रकार यांचा प्रांत मानला जाई. मेन्झीस यांनी ही हद्द मानली नाही. देखावा म्हणजे खोली नसून चौकट आहे, अशी त्यांची धारणा होती. कॅमेऱ्याला जे दिसणार नाही ते बांधायचे कशाला, आणि जे दिसणार आहे ते आधी चितारून का पाहू नये, असा त्यांचा साधा हिशेब होता. या हिशेबाने अमेरिकी चित्रपटाचे रूप बदलले. त्याची किंमत काही वेळा त्यांना स्वतःलाही मोजावी लागली.

त्यांचा जन्म २९ जुलै १८९६ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे, स्कॉटलंडहून आलेल्या कुटुंबात झाला. येल विद्यापीठात काही काळ शिक्षण, मग न्यूयॉर्कमधील आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळेत चित्रकलेचे धडे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा, असा तरुणपणाचा प्रवास आहे. चित्रपटाच्या धंद्यात त्यांना आणले ते अँटन ग्रोट या पोलिश चित्रकाराने. ग्रोट कोळशाने मोठमोठी रेखाटने करीत आणि कॅमेऱ्याचे भिंग कोणते असेल हे गृहीत धरून त्यातला दृष्टिकोन आखीत. तरुण मेन्झीस यांनी ही पद्धत त्यांच्या हाताखाली उचलली. या जोडीच्या सुरुवातीच्या कामांतील एक चित्रपट होता १९१८ चा ‘द नौलखा’. रडयार्ड किपलिंग यांच्या सहलेखनातील कादंबरीवर आधारलेली ही कथा हिंदुस्थानातील एका काल्पनिक संस्थानात आणि तेथील रत्नहाराभोवती घडते. म्हणजे हिंदुस्थान न पाहिलेल्या माणसांनी अमेरिकेत उभारलेला हिंदुस्थान! पाश्चात्त्य पडद्यावरच्या ‘पूर्वे’ची ही गंमत मेन्झीस यांच्या कारकिर्दीत पुन्हा पुन्हा भेटते.

ती सर्वांत भव्य रूपात भेटली १९२४ च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये. डग्लस फेअरबँक्स हे तेव्हा जगातील सर्वांत लोकप्रिय नटांपैकी एक, आणि चित्रपटाचे निर्मातेही तेच. कलादिग्दर्शनासाठी आलेल्या या पंचविशीतल्या तरुणाकडे पाहून ते साशंक होते. वय फारच कमी वाटत होते. रेखाटने पाहिल्यावर शंका मावळली. हॉलिवूडमधील स्टुडिओच्या आवारात सहा एकरांहून अधिक जागेवर बगदाद उभे राहिले. घुमट, मिनार, जाळीदार सज्जे, पाकळ्यांसारखे उघडणारे नगराचे दार, सारे काही प्रचंड. पण प्रचंडपणात एक अडचण होती. परीकथेतले शहर जड दिसून चालणार नव्हते. ते तरंगायला हवे होते. म्हणून जमीन गुळगुळीत आणि चकचकीत करण्यात आली, इतकी की तीत इमारतींची प्रतिबिंबे पडावीत. भिंतींचा रंग खाली गडद आणि वर जाताना फिका होत गेला. परिणामी वास्तूंचा पाया प्रतिबिंबात विरून जातो आणि शहर हवेत टांगल्यासारखे भासते. उडता गालिचा तारांनी यारीला टांगलेला होता, ही चलाखी आज कोणालाही ओळखता येईल. त्या जमिनीची चलाखी मात्र सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही. चांगले नेपथ्य बहुधा असेच असते.

या चित्रपटाचा आपल्याकडेही बोलबाला झाला. ब्रिटिश सरकारने १९२७ मध्ये टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने देशभर साक्षी घेतल्या, तेव्हा हिंदुस्थानात आजवर सर्वांत जास्त चाललेला चित्रपट म्हणून नाव पुढे आले ते याच ‘थीफ ऑफ बगदाद’चे. उडत्या घोड्याचे, जादूच्या दोरीचे आणि राजकन्येच्या महालाचे हे जग आपल्या प्रेक्षकाला परके वाटले नसावे. गोष्टीतून ते त्याच्या कानी आधीच पडलेले होते. मुंबईच्या स्टुडिओंतून पुढे निघालेल्या जादूच्या आणि मारधाडीच्या चित्रपटांत फेअरबँक्सच्या उड्या जशा दिसतात, तसे ते घुमट आणि सज्जेही दिसतात. त्या घुमटांचा मूळ आराखडा कोणाचा, हे विचारायची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही.

मूकपटाच्या उरलेल्या वर्षांत मेन्झीस यांच्याकडे कामाची रीघ लागली. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचे शेवटचे चित्रपट, ‘द ईगल’ आणि ‘द सन ऑफ द शेक’, त्यांच्याच नेपथ्यात घडतात. जॉन बॅरिमोरच्या ‘द बिलव्हेड रोग’साठी त्यांनी बर्फाने झाकलेले मध्ययुगीन पॅरिस उभे केले, त्यातल्या वाकड्या छपरांना एकही सरळ रेषा नव्हती. १६ मे १९२९ रोजी अकादमी पुरस्कारांचा पहिला सोहळा झाला, तेव्हा कलादिग्दर्शनाचा पहिला पुरस्कार ‘द डव्ह’ आणि ‘टेम्पेस्ट’ या दोन चित्रपटांतील कामासाठी मेन्झीस यांना मिळाला. त्या वर्षी मुर्नाऊ यांच्या ‘सनराइज’चे कलादिग्दर्शक रोखस ग्लीझे यांचेही नाव स्पर्धेत होते. आज मागे वळून पाहता तो पुरस्कार ‘सनराइज’ला जायला हवा होता असे म्हणावेसे वाटते. मेन्झीस यांची खरी थोरवी त्या दोन चित्रपटांत नाहीच.

बोलपट आला आणि हॉलिवूडमध्ये उलथापालथ झाली. मेन्झीस यांनाही आता स्वतः दिग्दर्शन करायचे होते. त्यात अस्वाभाविक काही नव्हते. चौकट आखणारा माणूस ती चौकट दुसऱ्याच्या हाती किती दिवस देणार? फॉक्स कंपनीत त्यांना संधी मिळाली, पण ती अर्धीच. ‘द स्पायडर’, ‘चंडू द मॅजिशियन’ अशा चित्रपटांवर त्यांच्या जोडीला दुसरा दिग्दर्शक असे. वाटणी उघड होती: नटांकडून काम करून घ्यायचे ते दुसऱ्याने, दृश्ये सांभाळायची ती मेन्झीस यांनी. चित्रपट पाहताना ही शिवण दिसते. जादूगाराच्या गुहा आणि तिरपे प्रकाशझोत लक्षात राहतात, माणसे राहत नाहीत.

हीच गोष्ट १९३६ च्या ‘थिंग्ज टु कम’मध्ये अधिक ठळकपणे दिसली. लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डा यांनी एच. जी. वेल्स यांच्या भविष्यवेधी कथेवर हा महागडा चित्रपट काढला आणि दिग्दर्शक म्हणून एकट्या मेन्झीस यांचे नाव झळकले. १९४० च्या नाताळात एका शहरावर बॉम्ब पडतात, युद्ध दशकानुदशके चालते, रोगराई पसरते, आणि अखेरीस २०३६ साली जमिनीच्या पोटात पांढरेशुभ्र नवे नगर वसते, असे त्याचे कथानक. खेळण्यातला ढोल वाजवीत चालणारे एक लहान मूल आणि त्याच्या मागे भिंतीवर सरकणाऱ्या सैनिकांच्या अवाढव्य सावल्या, हे दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही. चित्रपट आला तेव्हा हवाई हल्ल्याचे प्रसंग पाहून प्रेक्षक धास्तावले; तीन वर्षांनी खरेच युद्ध सुरू झाले आणि लंडनवर खरेच बॉम्ब पडले. एवढी द्रष्टी दृश्यरचना, आणि तरीही चित्रपट थंड वाटतो. पात्रे व्याख्यान दिल्यासारखी बोलतात. यातला मोठा दोष वेल्स यांचा. आपल्या संवादांत कोणी हात घालू नये याबद्दल ते दक्ष होते. पण नटांना जवळ घेऊन त्यांच्याकडून माणूसपण काढून घेण्याची हातोटी मेन्झीस यांच्यात नव्हती, हेही मान्य करावे लागते. त्यांना चेहरा दिसे तो चौकटीतला एक आकार म्हणून.

ते अमेरिकेला परतले, आणि येथे त्यांना हवा तो माणूस भेटला. डेव्हिड ओ. सेल्झनिक हा निर्माता हट्टी, खर्चिक आणि कमालीचा बारकाईने पाहणारा होता. मार्गारेट मिचेल यांच्या हजार पानांहून मोठ्या कादंबरीचे हक्क त्याने घेतले होते आणि एवढा पसारा आवरायचा कसा या विवंचनेत तो होता. त्याने उपाय काढला तो असा की चित्रीकरणाला हात घालण्याआधी सगळा चित्रपट कागदावर पाहायचा. त्यासाठी मेन्झीस यांना नेमले. हे काम नेहमीच्या कलादिग्दर्शकाच्या कामाहून इतके मोठे आहे की त्याला वेगळे नाव हवे, असे सेल्झनिकला वाटले, आणि त्यातून निघालेली ओळ श्रेयनामावलीत स्वतंत्र झळकली: या चित्रपटाची संपूर्ण रचना मेन्झीस यांची. प्रॉडक्शन डिझायनर हा शब्दप्रयोग रूढ झाला तो येथून. अमेरिकी अकादमीला मात्र आपल्या पुरस्काराचे नाव कलादिग्दर्शनावरून बदलून प्रॉडक्शन डिझाइन करायला २०१२ साल उजाडावे लागले.

कागदावर पाहणे म्हणजे नेमके काय, हे ‘गॉन विथ द विंड’ पुन्हा पाहताना उमजते. मेन्झीस आणि त्यांचे सहकारी प्रसंगामागून प्रसंग जलरंगात रंगवीत गेले. प्रत्येक चित्रात कॅमेऱ्याची उंची, पात्रांची जागा, प्रकाशाची दिशा आणि मुख्य म्हणजे रंग ठरवलेला असे. रंगीत चित्रपट तेव्हा नवा होता आणि बहुतेकांना तो सगळे रंग एकदम दाखवण्याचे निमित्त वाटे. मेन्झीस यांनी रंग प्रसंगाच्या भावनेला बांधला. युद्धापूर्वीचे वैभव उबदार आणि भरगच्च आहे. युद्ध हरत जाते तसे कपडे, भिंती, माती यांतून रंग गळत जातो, आणि मग अचानक आभाळ पेटते. चर्चमध्ये उघडलेल्या रुग्णालयात स्कार्लेट आणि मेलनी जखमींची शुश्रूषा करतात तेव्हा त्यांच्यापेक्षा त्यांच्या भिंतीवरच्या सावल्या मोठ्या आहेत. उद्ध्वस्त शेतात स्कार्लेट शपथ घेते तेव्हा ती केवळ काळी आकृती आहे, मागे एक वाकडे झाड आणि लाल आकाश. नटीचा चेहरा दिसत नाही. मोठ्या तारकेचा चेहरा न दाखवण्याचे धाडस त्या काळी कोणत्या स्टुडिओने सहज केले असते? येथेही खर्चाचा हिशेब होताच. पुष्कळ वाड्यांची छते आणि वरचे मजले बांधलेच नव्हते. जॅक कॉसग्रोव्ह यांच्या विभागाने ते काचेवर रंगवून चित्रीकरणात बेमालूम जोडले. काय बांधायचे आणि काय रंगवायचे ही विभागणी रेखाटनांमुळेच आधी ठरवता आली.

या चित्रपटाला तीन दिग्दर्शक झाले. जॉर्ज क्यूकोर यांना काही आठवड्यांतच दूर करण्यात आले, व्हिक्टर फ्लेमिंग आले, ते मध्येच थकून आजारी पडले, तेव्हा सॅम वुड यांनी धुरा सांभाळली. मधल्या खिंडीत काही प्रसंग मेन्झीस यांनी स्वतः चित्रित केले. तरीही जवळपास चार तासांचा हा चित्रपट एकाच हातचा वाटतो, आणि तो हात ज्या कागदांवर फिरला होता ते कागद तिघांच्याही पुढ्यात होते. चित्रपटाने गुलामगिरीच्या काळाचे जे गोडवे गायले त्यावर पुढे रास्त टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. अटलांटातील पहिल्या खेळाला हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णी अभिनेत्रीला हजर राहता आले नव्हते, हे विसरता येण्यासारखे नाही. पण दृश्यरचनेच्या बाबतीत या चित्रपटाने घालून दिलेला वस्तुपाठ अजून मोडीत निघालेला नाही.

१९४० च्या पुरस्कार सोहळ्यात ‘गॉन विथ द विंड’ने बक्षिसांची लयलूट केली. कलादिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला लाइल व्हीलर यांना. ते मेन्झीस यांच्या आराखड्यानुसार देखावे उभारणारे कुशल कलादिग्दर्शक होते, त्यांच्या कष्टांत उणे काही नव्हते. मेन्झीस यांचे काम मात्र कोणत्याच रकान्यात बसेना. म्हणून नाट्यमय भावस्थिती उंचावण्यासाठी रंगाचा केलेला वापर, या कारणासाठी त्यांना एक खास सन्मानफलक देण्यात आला. रकाना नसलेल्या माणसाचा सत्कार असाच होतो!

त्यानंतरची दोन-तीन वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलद्रूप म्हणायला हवीत. हिचकॉक यांच्या ‘फॉरिन करस्पॉण्डंट’मधील पवनचक्कीचा अंतर्भाग, अ‍ॅमस्टरडॅमच्या पायऱ्यांवरील पावसात छत्र्यांचा समुद्र चिरत पळणारा मारेकरी, समुद्रात कोसळणारे विमान, या प्रसंगांमागे त्यांचा हात होता. सॅम वुड यांच्याशी तर त्यांची जोडीच जमली. वुड यांना दृश्याची जाण बेताची, पण नटांशी त्यांचे उत्तम जुळे. मेन्झीस यांचे नेमके उलट. ‘अवर टाउन’, ‘किंग्ज रो’, ‘फॉर हूम द बेल टोल्स’ असे चित्रपट या जोडीने केले. ‘अवर टाउन’ हे मूळ नाटक तर जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर होई. त्याला पडद्यावर आणताना मेन्झीस यांनी क्षितिज खाली दाबले, चेहरे अगदी पुढे आणले आणि उरलेली जागा आभाळाला देऊन टाकली. ‘किंग्ज रो’चे छायाचित्रकार जेम्स वाँग हाउ हे स्वतः या कलेतले दिग्गज, कॅमेरा कोठे आणि किती उंचीवर ठेवायचा हे या चित्रपटात मेन्झीस यांच्या रेखाटनांवरून ठरे, याची कबुली त्यांनी पुढे मोकळेपणाने दिली. अशी कबुली देणारे फार नसतात.

याच सुमारास बगदादही त्यांच्या वाट्याला पुन्हा आले. कोर्डा यांनी लंडनमध्ये ‘द थीफ ऑफ बगदाद’ रंगीत स्वरूपात सुरू केला, युद्ध भडकल्याने उरलेले काम अमेरिकेत न्यावे लागले. म्हैसूर संस्थानातील एका माहुताचा मुलगा साबू यात लहानग्या चोराच्या भूमिकेत आहे. हिंदुस्थान न पाहता हिंदुस्थान रंगवणाऱ्या पडद्यावर निदान एक पोर तरी खरे आपल्याकडचे आले. मेन्झीस या चित्रपटाचे सहनिर्माते होते आणि काही भागांचे दिग्दर्शनही त्यांनी केले, पण दिग्दर्शकांच्या यादीत इतर तीन नावे आहेत, त्यांचे नाही. ‘स्पेलबाउंड’मध्ये साल्वादोर दाली यांनी रचलेला प्रसिद्ध स्वप्नप्रसंग अखेर मेन्झीस यांच्याकडून चित्रित करून घेण्यात आला, तेथेही श्रेयनामावली गप्प आहे.

पन्नाशीनंतर मोठे स्टुडिओ त्यांच्यापासून दुरावत गेले. १९५३ मध्ये अगदी तुटपुंज्या पैशांत त्यांनी ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ दिग्दर्शित केला. मंगळावरून आलेल्यांची ही कथा एका लहान मुलाच्या नजरेतून सांगितली आहे. पैसे नसल्याने देखावे जवळजवळ नाहीतच. पोलीस ठाणे म्हणजे एक लांबलचक पांढरा बोळ, टोकाला मुलाच्या डोक्यावरून जाणारे उंच टेबल आणि त्यापलीकडे एक माणूस. भिंतींवर काही नाही. घराबाहेर एक टेकडी, तिच्यावर चढणारी कुंपणाची वाकडी रेघ, दोन-चार निष्पर्ण झाडे. मंगळवासीयांच्या पोशाखाच्या पाठीवरची साखळी स्पष्ट दिसते आणि पाहणाऱ्याला हसू येते. पण तो बोळ आणि ते टेबल पाहताना मोठ्यांच्या जगात आपले कोणी ऐकत नाही ही लहानपणीची भीती जशीच्या तशी जागी होते. ‘थिंग्ज टु कम’चा सारा डामडौल जे करू शकला नाही, ते या स्वस्तातल्या चित्रपटाने केले. नटांना फारसे काही करावे लागत नाही. भीती देखाव्यातच आहे. आमच्या मते दिग्दर्शक मेन्झीस यांना आपला खरा विषय येथे, अगदी उशिरा, सापडला.

त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे माइक टॉड निर्मित ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’. येथे ते सहनिर्माते होते आणि अर्ध्या जगाच्या देखाव्यांची दृश्यरचना पाहत होते. सती जाणाऱ्या हिंदू राजकन्येची सुटका हा प्रसंग त्यात आहे, आणि राजकन्या झाली आहे शर्ली मॅक्लेन! याच चित्रपटावर केन अ‍ॅडम हा तरुण कलादिग्दर्शक युरोपात काम करीत होता. रंगाच्या बाबतीत भीड सोडायला मेन्झीस यांनी शिकवले, असे अ‍ॅडम आयुष्यभर सांगत राहिले. पुढे जेम्स बाँडच्या खलनायकांची अवाढव्य दालने आणि ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’मधील युद्धकक्ष त्यांनीच उभारले.

५ मार्च १९५७ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी मेन्झीस यांचे निधन झाले. बावीस दिवसांनी, २७ मार्चला, ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा अकादमी पुरस्कार जाहीर झाला. नियमानुसार तो निर्मात्याचा असतो, आणि तो घ्यायला माइक टॉड धावत मंचावर गेले.